पंचाहत्तर रिकाम्या चौकटी

प्रश्न : (ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात) पुण्यातल्या एका छोट्या सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या अडतीस वर्षांच्या एक वाचक लिहितात : संस्थेनं मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या काही गावांत ४१२ स्त्रियांचं हिमोग्लोबिन एप्रिलमध्ये तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जुलैत पुन्हा तपासणी केली. दुसऱ्या खेपेला ३३७ जणीच भेटल्या. माहिती एक्सेलमध्ये भरली आणि एका ऑनलाइन विश्लेषणाच्या टूलवर टाकायला घेतली, तर टूल दर वेळी चूक दाखवून फाइल नाकारायचं. शेवटी त्यांनी शीटमधले रंग, मर्ज केलेले सेल, बाजूचे शेरे सगळं काढलं, दोन्ही खेपांच्या नोंदी एकाखाली एक चिकटवल्या आणि रिकाम्या जागी शून्य भरलं. फाइल चढली. पण गोळ्या घेतल्यावर सरासरी हिमोग्लोबिन १०.८ वरून ९.४ वर उतरल्याचं उत्तर आलं. एका सहकाऱ्यानं सुचवलं की शून्याऐवजी सरासरी भरून बघा. भरली, तर सरासरी ११.५ आली आणि टूलनं ‘फरक लक्षणीय’ अशी हिरवी खूण दाखवली. संस्था चालवणाऱ्या ताई खूश आहेत, अहवाल पंधरा दिवसांत देणगीदारांकडे जायचा आहे. “मी काही टेक्निकल नाही, मराठी घेऊन बी.ए. केलंय. हे काम पैसे देऊन एखाद्या जाणकाराकडून करून घ्यायला हवं होतं का? ताईंना आता सांगावं, की सगळेच असं करतात म्हणून गप्प बसावं?”

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना शून्य आणि सरासरी यांच्याकडेच लक्ष गेलं. दुसऱ्यांदा मात्र तुम्ही सहज लिहून टाकलेल्या एका वाक्याशी अडखळले : “शीटमधले रंग काढले.” कसले रंग होते ते? पत्राच्या मागच्या बाजूला तुम्हीच लिहिलंय. ज्या बाईनं तपासणीला नकार दिला तिचा सेल पिवळा, जी गावात नव्हती तिचा गुलाबी, आणि जिचा पत्ताच लागला नाही तिचा राखाडी. म्हणजे त्या पंचाहत्तर चौकटी मुळात रिकाम्या नव्हत्याच. त्यांत माहिती होती, फक्त ती रंगानं लिहिलेली होती. टूलला रंग दिसत नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) म्हणून साठवली की रंग, जाड अक्षरं, कोपऱ्यात चिकटवलेले शेरे सगळं गळून पडतं, मागे उरतात ती नुसती अक्षरं आणि आकडे.

तेव्हा ‘रिकामी जागा कशानं भरायची’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्याआधी विचारायला हवं की ती जागा रिकामी का राहिली. याचं उत्तर टूलकडे नाही आणि पैसे घेऊन फाइल ‘क्लीन’ करून देणाऱ्या कुठल्याही जाणकाराकडेही नाही. ते तुमच्याकडे आहे आणि गावोगाव फिरलेल्या तुमच्या कार्यकर्तींकडे आहे. म्हणून ‘मी टेक्निकल नाही’ हे तुमचं म्हणणं मला फारसं पटलेलं नाही. फाइल कुठल्या प्रकारात साठवायची हे टेक्निकल, ते अर्ध्या तासात शिकून होतं. गुलाबी म्हणजे काय हे मात्र तुम्हालाच माहीत.

आता शून्याबद्दल. हिमोग्लोबिन शून्य असलेली बाई जिवंत नसते, हे तुम्हालाही कळतं. घाईत हात तिकडे गेला इतकंच. पण त्यानं काय झालं ते हिशोबानं बघा. ३३७ जणींची सरासरी ११.५, म्हणजे बेरीज साधारण ३,८७५. तिला ४१२ नं भागलं की ९.४ येतात. तुमचं भीतीदायक उत्तर आलं ते असं. शिवाय गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय आणि ८ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय धरतात. त्या हिशोबानं तुमच्या शीटमध्ये पंचाहत्तर जणी एका झटक्यात तीव्र रुग्ण झाल्या, आणि त्यांतल्या काही तर त्या दिवशी फक्त माहेरी गेल्या होत्या!

सरासरी भरण्याचं प्रकरण जास्त फसवं आहे, कारण त्यातून आलेलं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. कागद घ्या. चार बायकांचं हिमोग्लोबिन ९, १०, १२ आणि १३ आहे असं समजा. सरासरी ११. आता न भेटलेल्या दोघींच्या नावावर ११, ११ लिहा. सरासरी ११ च राहिली, पण आकडे मधोमध गोळा झाले. त्यांचा पसारा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो १.८ वरून १.४ वर आला. टूल ‘फरक लक्षणीय’ असं म्हणतं ते तीन गोष्टींवरून : फरक केवढा, आकड्यांचा पसारा किती आणि माणसं किती. तुम्ही पसारा कमी केलात आणि माणसं वाढवलीत. हिरवी खूण उमटायला त्याचीही मदत झाली असणार.

याहून मोठी अडचण अशी की गैरहजर बाई बहुधा सरासरी नसते. मुळशी-वेल्ह्यात जुलै म्हणजे भातलावणी. त्या दिवसांत ज्यांना चिखलातून वर यायला सवड झाली नाही त्यांचं खाणंपिणं, विश्रांती, गोळ्या वेळेवर घेणं बाकीच्यांसारखंच असेल कशावरून? ज्यांनी नकार दिला त्यांचा विचार करा. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतं. अशानं कुणी गोळ्या मधेच सोडल्या असतील तर ती कार्यकर्तीसमोर बोट पुढे करायला कशाला येईल? ‘गोळ्या घेतलेल्या बाईची सरासरी’ नेमकी तिच्या नावावर लिहिणं म्हणजे ज्या प्रश्नासाठी ही पाहणी केली त्याचं उत्तर आपणच तिच्या वतीनं देऊन टाकणं झालं.

सहकाऱ्यावर मात्र रागावू नका. राहिलेल्या जागा भरण्याच्या पद्धती संख्याशास्त्रात खरंच आहेत आणि मान्यही आहेत. त्यांत भरलेल्या आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही मोजतात आणि आपण काय, कशाच्या आधारावर भरलं हे अहवालात उघड लिहितात. तुमच्याकडे जे झालं ते फाइल चढावी म्हणून झालं. तुमच्यासारख्या कामात त्या पद्धतींच्या वाटेला जायची गरजही नाही.

मग करायचं काय? तुम्ही दिलेल्या पर्यायांत एक राहून गेलाय. जागा रिकामीच ठेवायची. बहुतेक टूलना रिकामा सेल चालतो, काहींना तिथं ठरावीक खूण लागते. ती कुठली हे त्यांच्या मदतीच्या पानावर किंवा नमुना फाइलमध्ये दिलेलं असतं. (नमुना फाइल उतरवून घेऊन तिच्यात आपले आकडे बसवून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो कुणीही करत नाही. मीही अनेक वर्षं केला नाही.) माझा अंदाज असा की तुमची फाइल रिकाम्या जागांमुळे परत आलीच नसावी. मर्ज केलेल्या सेलमुळे आली असावी. गावाचं नाव एकदाच लिहून खालचे तीस सेल मर्ज केले की आपल्याला सुबक दिसतं, पण टूलच्या लेखी पहिली बाई त्या गावची आणि उरलेल्या एकोणतीस कुठल्याच नाहीत.

रंगांसाठी एक नवा रकाना करा. शीर्षक ‘दुसरी तपासणी : स्थिती’. त्यात शब्दांत लिहा : झाली, नकार, गावाबाहेर, पत्ता नाही. हिमोग्लोबिनच्या रकान्यात फक्त आकडा किंवा काहीच नाही. एका रकान्यात दोन प्रकारच्या गोष्टी कोंबल्या की घोळ होतो, मोठ्यांच्या घरीसुद्धा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या मूळ फायलींत हिमोग्लोबिनच्या रकान्यातच गैरहजर असेल तर ९९४ आणि नकार असेल तर ९९५ असे संकेतांक असतात. तिथं मोजमाप दशांशचिन्हाशिवाय लिहितात, १०८ म्हणजे १०.८. सोबतची माहितीपुस्तिका न वाचता कुणी थेट सरासरी काढली तर न भेटलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ९९.४ धरलं जाईल.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, पण माझ्या मते जी शून्याइतकीच महत्त्वाची आहे, तिच्याकडे येते. तुमच्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे काय? एक बाई, की एक तपासणी?

तुम्ही एप्रिलच्या ४१२ ओळींखाली जुलैच्या ४१२ चिकटवल्यात आणि शेजारी ‘आधी’, ‘नंतर’ असा रकाना केलात. टूलला दिसल्या ८२४ ओळी. त्यानं समजून घेतलं की ४१२ बायका एका गटातल्या आणि वेगळ्याच ४१२ दुसऱ्या गटातल्या. तुमचा प्रश्न हा नव्हता. तुम्हाला त्याच बाईत काय बदललं ते हवंय. एकीचं ९ वरून १० झालं, दुसरीचं १२ वरून १३ झालं, तर दोघींत बदल एकेकच ग्रॅमचा आहे, मग त्या दोघींत आपापसात कितीही अंतर असो. त्याच माणसांची दोनदा तपासणी असेल तर तुलना जोडीनं करावी लागते आणि त्यासाठी टूलला जोडी ओळखता आली पाहिजे. काही टूलना एका ओळीत एक बाई आणि तिच्यासमोर दोन रकाने लागतात : पहिलं हिमोग्लोबिन, दुसरं हिमोग्लोबिन. काहींना एका ओळीत एक तपासणी चालते, पण मग प्रत्येक ओळीत त्या बाईचा क्रमांक लागतो. तुमच्या फाइलमध्ये तो क्रमांकच नाही, आणि नावांवरून जोड्या जुळवायला जाल तर फसाल. एकाच वाडीत एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी सापडतात, आणि एप्रिलची ‘सुनीता’ जुलैत ‘सुनिता’ झालेली असते. कागदी फॉर्मवर छापील क्रमांक आहे ना? तोच वापरा.

या एका प्रश्नावर एक दुपार घालवलीत तरी चालेल. बाकीचं बरचसं आपोआप सुटतं. हॅडली विकहॅम या संख्याशास्त्रज्ञानं २०१४ मध्ये नीटनेटक्या डेटाबद्दल एक लेख लिहिला. त्यातलं मुख्य सूत्र घरातल्या कुणालाही सांगता येईल इतकं साधं आहे : प्रत्येक गुणधर्माला एक रकाना, प्रत्येक नोंदीला एक ओळ. फक्त ‘नोंद’ कशाला म्हणायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं, आणि तिथं विचार करावा लागतो.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते, कारण मराठीत माहिती गोळा करणाऱ्या बऱ्याच वाचकांच्या त्या कामी येतील.

तारखा. जुलैची तपासणी तुम्ही ९/७ अशी लिहिली असेल आणि कॉम्प्युटरची मांडणी अमेरिकी असेल, तर तो ती ७ सप्टेंबर समजतो. पण १५/७ त्याला कळत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते. परिणामी काही तारखा चुकीच्या आणि बाकीच्या तारखाच नाहीत. ओळखायचं कसं? रकान्याला कसलीही मांडणी दिलेली नसेल तर एक्सेल आकडे आणि तारखा उजवीकडे सरकवतं, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसले की थांबा. वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०२४-०७-०९ अशा क्रमानं लिहिलं की गोंधळाला जागा राहत नाही. तो आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रम आहे. त्याहून निर्धोक म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे रकाने. एक्सेलची तारखा करायची हौस फार जुनी आहे. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ अशा इंग्रजी नावांच्या जनुकांच्या तो तारखा करून टाकायचा. संशोधक इतके वैतागले की जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलून टाकली. तुमच्याकडे ‘मुलांची वयं’ या रकान्यात १०-१२ असं लिहिलेलं असेल तर एकदा बघून घ्या, तिथं डिसेंबर (किंवा अमेरिकी मांडणीत ऑक्टोबर) उगवलेला असेल.

अंक. देवनागरीत लिहिलेले अकरा आपल्यासाठी अकराच, पण बरीच टूल त्यांना अक्षरं समजतात. मोजायच्या रकान्यात इंग्रजी अंक, दशांशासाठी टिंब, आणि ‘ग्रॅम’ हा शब्द सेलमध्ये नाही, रकान्याच्या शीर्षकात. उत्पन्न १,२५,००० असं स्वल्पविराम देऊन लिहू नका. सीएसव्हीत स्वल्पविराम हीच दोन रकान्यांमधली भिंत असते. पत्ता ‘मु. पो. अमुक, ता. मुळशी, जि. पुणे’ असा असेल आणि त्याभोवती अवतरणचिन्हं नसतील तर एका पत्त्याचे तीन रकाने होतात आणि हिमोग्लोबिन दोन घरं पुढे सरकतं. एक्सेलमधून सीएसव्ही करताना ती अवतरणचिन्हं आपोआप लागतात. कुणी नोटपॅडमध्ये हातानं फाइल दुरुस्त केली की गोंधळ सुरू होतो.

मराठी अक्षरं. फाइल चढवल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा राहिलाय. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर बहुधा टायपिंग जुन्या डीटीपी फॉन्टात झालंय, युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही. पुण्यात छपाईचं काम करणारे अनेक जण अजून सवयीनं तसंच टाइप करतात. अशा वेळी आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यापायी माझा एक अख्खा रविवार गेला होता : ‘ॲ’ हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं, एकदा सबंध अक्षर म्हणून आणि एकदा ‘अ’ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी, टूलला वेगळी. तुमच्या शीटमध्ये दोन जणींनी टायपिंग केलंय म्हणता, तर ‘ॲनिमिया’ चे दोन गट पडलेले दिसतील.

गावांची आणि तालुक्यांची नावं. ‘बुद्रुक’ आणि ‘बु.’ हे टूलला दोन गावं वाटतात. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा नवं गाव वसवते. तुमच्या बाबतीत आणखी एक : वेल्ह्याचं नाव आता राजगड झालंय. काही कार्यकर्तींनी जुनं लिहिलं असेल, काहींनी नवं. कुठलंही एक धरा. नावांची यादी वेगळ्या पानावर करा आणि सेलमध्ये त्या यादीतूनच निवडता येईल अशी सोय एक्सेलमध्ये करून टाका.

गरोदर बायकांसाठी वेगळा रकाना आहे का? त्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे ११ धरतात, १२ नाही. तो रकाना नसेल तर टक्केवारी चुकेल.

आणि ही गोष्ट तुम्हाला टोचेल, पण सांगायलाच हवी. तुम्ही जी फाइल चढवलीत तिच्यात त्या बायकांची नावं आणि मोबाइल नंबर होते का? पत्रात रकान्यांची जी यादी दिलीय तिच्यात दोन्ही दिसतात. विश्लेषणाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. ऑनलाइन टूलवर चढवलेली फाइल कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर जाते आणि तिथं किती दिवस राहते हे त्यांच्या अटींवर ठरतं. २०२३ मध्ये आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, बाईनं बोट पुढे केलं ते तुमच्या कार्यकर्तीवरच्या विश्वासानं. टूलमधून ती फाइल आजच पुसा, जमलं तर खातंही रिकामं करा. पुढच्या वेळी नाव, नंबर आणि फॉर्म क्रमांक यांची एक फाइल कार्यालयातच ठेवायची आणि टूलवर जाणाऱ्या फाइलमध्ये फक्त क्रमांक. हेही ताईंना सांगावं लागेल.

तर, ताईंना सांगावं का. तुम्ही गप्प बसलात तर काय होईल? बहुधा काहीच होणार नाही. देणगीदार तुमची शीट उघडून बघत नाहीत. हे मान्य करूनच पुढचं बोलते. तुमच्या अहवालावरून पुढच्या वर्षी कुठल्या गावांत जायचं, गोळ्यांबरोबर आहाराचं काम करायचं की नाही, हे ठरणार आहे. अहवालात ४१२ पैकी ४१२ जणींची नोंद दिसली तर ‘पंचाहत्तर जणी का आल्या नाहीत’ हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. माझ्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या पाहणीत तोच प्रश्न सर्वांत कामाचा आहे.

दुसरं म्हणजे, खरं सांगितलं तर निकाल कोसळेल असं तुम्ही धरून चाललाय. कशावरून? समजा, ज्या ३३७ जणींच्या दोन्ही तपासण्या झाल्या त्यांची सरासरी वाढ ०.७ आहे. आता अगदी कंजूषपणे हिशोब करू : न भेटलेल्या पंचाहत्तर जणींत काहीच वाढ झाली नाही असं धरू. तरी ४१२ जणींची सरासरी वाढ ०.५७ येते. तुमच्याकडे त्या पंचाहत्तर जणींची एप्रिलची तपासणी तर आहेच. तिची सरासरी काढा आणि बाकीच्या ३३७ जणींच्या एप्रिलच्या सरासरीशेजारी ठेवा. दोन्ही जवळजवळ असतील तर तुमचं म्हणणं भक्कम होतं. पंचाहत्तर जणींची खूप कमी निघाली, तर ज्यांना गोळ्यांची जास्त गरज होती त्याच हातून सुटल्या, आणि ते अहवालात लिहिण्यासारखं आहे. देणगीदारालाही त्यात रस वाटेल. (फक्त ‘गोळ्यांमुळे वाढलं’ असं ठासून लिहू नका. गोळ्या न मिळालेल्या बायकांचा गट तुमच्याकडे नाही, त्यामुळे ‘गोळ्यांच्या काळात वाढलं’ इतकंच म्हणता येतं.)

‘टूलनं घेतलं म्हणजे बरोबर असणार’ हा समज तुमचा एकटीचा नाही. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या हातून कोविडचे जवळजवळ सोळा हजार रुग्ण मोजणीतून निसटले, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या प्रकारची एक्सेल फाइल होती. तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात, पुढच्या गुपचूप गळतात. फाइल नाकारणारं टूल त्यापेक्षा बरं, निदान आपल्याला थांबवतं तरी. म्हणून चढवल्यावर तीन गोष्टी बघायच्या : ओळी किती दिसतात, सर्वांत लहान आकडा कुठला आणि सर्वांत मोठा कुठला. लहानात शून्य दिसलं किंवा मोठ्यात १०८ दिसलं की कुठं तरी टिंब राहिलंय किंवा रिकामी जागा भरली गेलीय. मग एक छोटं गाव घ्या, वीस-पंचवीस बायकांचं, आणि त्याची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढून टूलच्या उत्तराशी ताडून बघा. शेवटी बाहेरच्या एखाद्या आकड्याजवळ आपला आकडा ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्के रक्तक्षय असलेल्या निघाल्या. तुमच्या गावांत एप्रिलमध्ये ७० टक्के निघाल्या तर मी फारशी चकित होणार नाही. ९७ निघाल्या तर आधी शीट तपासेन, मग गावाची काळजी करेन.

पंधरा दिवसांत हे होईल का? सगळा डेटा पुन्हा भरावा लागेल ही तुमची भीती मला चुकीची वाटते. रंगीत मूळ फाइल कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिला हात लावू नका, नावात ‘मूळ’ घालून बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. स्थितीचा रकाना भरायला एक दुपार, क्रमांकावरून जोड्या लावायला दोन दिवस, गावांची नावं सारखी करायला एक सकाळ. शेवटी एक पान लिहून काढा : कुठल्या रकान्यात काय आहे, कुठलं एकक आहे, कुठला शब्द कशासाठी वापरलाय, काय बदललं आणि का. पैसे देऊन जाणकार आणायचाच असेल तर हे पान तयार झाल्यावर आणा, एका तासाचेच पैसे लागतील. पुण्यात संख्याशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं कमी नाहीत, आणि खऱ्या माणसांचा डेटा हाताळायला मिळतोय म्हटल्यावर एम.एस्सी.ची एखादी मुलगी खुशीनं येईल. तिला क्रमांकांचीच फाइल द्या, नावांची नाही.

ताईंकडे जाताना लॅपटॉप नेऊ नका. हिरवी खूण पुढ्यात असली की बोलणं तिच्यावरूनच सुरू होतं. कपाटातून ते पंचाहत्तर कागदी फॉर्म काढा, गाववार गठ्ठे करा आणि ते टेबलावर ठेवून बोलायला सुरुवात करा. “या भेटल्या नव्हत्या. मी टूलसाठी यांच्या जागी आधी शून्य आणि मग सरासरी भरली होती. आता पुन्हा करतेय, आठ दिवस लागतील.” पहिल्या पाच मिनिटांत एवढंच. नावांची फाइल चढवल्याचं त्याच बैठकीत सांगा, पुढच्यासाठी ठेवू नका. ताई रागावल्या तर रागावू देत. पण फॉर्म चाळायला लागल्या की त्यांनाच आठवेल कोण कुठल्या वाडीतली आणि जुलैत कुठे होती, आणि निम्मा रकाना तिथंच भरून होईल.

पंचाहत्तरांतल्या भातलावणीच्या किती निघाल्या, तेवढं मात्र मला कळवा.